कर्दळ आणि कळलावी

वसंत व्याख्यानमालेत फुलांचा विषय निघाला म्हणजे मोगरा, पळस, पांगारा यांची आठवण व्हावी हे साहजिक आहे. मी मात्र ज्या दोन झाडांची तुलना येथे मांडणार आहे, त्यांपैकी एकाचे आज, ऐन वैशाखात, जमिनीवर काडीइतकेही चिन्ह सापडणार नाही. आणि दुसरे पुष्कळ घरांच्या मागे मोरीच्या तोंडाशी उभे असल्यामुळे त्याच्याकडे मान वळवून पाहण्याचे कारण कोणाला वाटत नाही. पहिले झाड कळलावी आणि दुसरे कर्दळ. दोन्ही आपल्या ओळखीची आहेत, आणि ओळखीची आहेत म्हणूनच त्यांच्याविषयी आपण फारसा विचार केलेला नसतो.

कळवणसारख्या गावात ज्याला घरापुढे चार फुले असावीत असे वाटते, त्याच्यापुढे खरा प्रश्न फुलांचा नसतो, पाण्याचा असतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाऊस, आणि पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे, असा आपला हिशेब आहे. गिरणेचे खोरे हिरवे दिसते ते कालव्यांच्या आणि विहिरींच्या जोरावर. चणकापूरचे पाणी शेतांसाठी अडवलेले आहे, गुलाबाच्या कुंड्यांसाठी नव्हे. डोंगराकडेच्या पाड्यांवर तर वैशाखात हंडा डोक्यावर घेऊन चालावे लागते. अशा वेळी ज्या बागेला उन्हाळ्यात रोज चार बादल्या पाणी लागते, त्या बागेची किंमत कोणाच्या तरी पाठीने चुकवलेली असते, आणि ती पाठ बहुधा घरातल्या बाईची असते. म्हणून आपल्याकडे बागेतले झाड निवडताना ‘याचे फूल कसे?’ यापेक्षा ‘हे वैशाखात काय करते?’ हा प्रश्न आधी विचारावा असे मला वाटते. कर्दळ आणि कळलावी या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरे देतात, आणि दोन्ही उत्तरे खरी आहेत.

आधी या दोघींची जात समजून घेऊ. वनस्पतिशास्त्रात ज्यांच्या खोडात लाकूड होत नाही अशा झाडांना ओषधी म्हणतात. त्यांतील काही एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून मरतात. झेंडू किंवा तेरडा हे त्यांचे उदाहरण. ती वर्षायू होत. काहींचे जमिनीवरचे अंग मरते, परंतु जमिनीखालचा कंद जिवंत राहतो आणि पुढच्या वर्षी त्यातून नवा कोंब निघतो. ती बहुवर्षायू. कर्दळ आणि कळलावी दोन्ही या वर्गातल्या आहेत.

हा प्रकार कळवणच्या माणसाला पुस्तकातून शिकवण्याची गरज नाही, कारण त्याचे सारे अर्थकारण अशाच एका झाडाच्या झोपेवर उभे आहे. उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात काढून चाळीत भरला जातो. तो चाळीत टिकतो कशामुळे? तो मेलेला नसतो. तो झोपलेला असतो. पात सुकताना तिच्यातला अन्नांश खाली मुरतो, मान आवळली जाते आणि कोंब काही महिने गप्प बसतो. पावसाळी हवेत त्या कोंबाला जाग येऊ लागली की शेतकऱ्याची धांदल उडते. हाच कांदा पुन्हा जमिनीत लावला तर डेंगळे येतात, बी धरते आणि झाड संपते. म्हणून कांदा द्विवर्षायू. कळलावीचा कंद बी देऊनही संपत नाही, एवढाच फरक. झोपेची युक्ती मात्र तीच आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बागकामाची पुष्कळ पुस्तके युरोपातील बागांवरून लिहिलेली असतात. तिकडे ही झाडे हिवाळ्यात झोपतात, कारण तिकडचा मारेकरी थंडी आहे. आपल्याकडचा मारेकरी तहान आहे. म्हणून आपली झाडे मार्गशीर्षापासून अंग आखडू लागतात, उन्हाळाभर जमिनीखाली पडून राहतात आणि मृगाच्या पावसाला डोके वर काढतात. तिकडे वसंत म्हणजे जागे होण्याचा काळ. आपल्याकडे कंदवर्गासाठी वसंत म्हणजे गाढ झोपेचा काळ. ‘वसंतात बाग फुललीच पाहिजे’ हा आग्रह आपण उसना घेतलेला आहे, आणि त्या आग्रहापायी कितीतरी पाणी वाया जाते.

आता या दोघींच्या नावांचा आणि कुळांचा थोडा परिचय करून घेऊ. स्वीडनच्या लिनीयस या पंडिताने १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देणारा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. फुलात पुंकेसर किती, या संख्येवर त्याने वनस्पतींचे वर्ग पाडले. कर्दळीच्या फुलात पुंकेसर एकच. म्हणून तिचा मान पहिल्या वर्गात आणि थेट पहिल्या पानावर लागला. कळलावीचे पुंकेसर सहा. तिची गाठ त्याच ग्रंथात तीनशे पानांनंतर पडते. कर्दळीला त्याने ‘कॅना इंडिका’ म्हटले आणि कळलावीला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’. हे दुसरे नाव म्हणजे वैभवशाली आणि देखणी, अशी दोन विशेषणेच होत. फूल पाहून शास्त्रज्ञाचीही शिस्त क्षणभर सुटली असावी.

‘इंडिका’ या शब्दावरून कर्दळ आपली असे वाटेल. पण तसे नाही. कर्दळीचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आहे. युरोपीय दर्यावर्दी वेस्ट इंडीजला आणि हिंदुस्थानला एकाच सैल शब्दाने ओळखत, त्यातून हे विशेषण आले. आपल्याकडे ती आली तेव्हा तिची पाने केळीसारखी दिसली, म्हणून कदली या जुन्या शब्दावरून आलेले कर्दळ हे नाव तिला मिळाले. देवकेळी असेही तिला म्हणतात. दत्तसंप्रदायातले कर्दळीवन म्हणजे केळींचे बन. त्याचा या झाडाशी संबंध नाही. पण नावाबरोबर केळीचा मानही कर्दळीकडे आला. सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खांब मिळाले नाहीत तर कर्दळीचे लावतात आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. परक्या मुलखातून आलेली ही बाई अशी घरचीच झाली.

कळलावीची गोष्ट नेमकी उलट आहे. ती आपली आहे. आफ्रिका आणि आशिया या दोन्ही खंडांत ती रानोमाळ वाढते. पावसाळ्यात आपल्या डोंगरउतारांवर आणि शेताच्या कुंपणांतून झुडपांचा आधार घेऊन ती चढलेली दिसते. संस्कृतात तिला लांगली म्हणतात, कारण तिचा कंद नांगरासारखा दुभंगलेला असतो. तिचे अग्निशिखा हे नाव फुलावरून पडले. तमिळ संघम् वाङ्मयात या फुलाला स्त्रियांच्या बोटांची उपमा दिलेली आढळते. आज ते तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे, आणि आफ्रिकेतल्या झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूलही तेच. आपल्याकडे मात्र हिला अंगणात जागा नाही. कळलावी घरात आणली की भांडणे लागतात, असा समज आहे. नावातली ‘कळ’ भांडणाची की प्रसूतीची, याविषयी लोक दोन्ही सांगतात. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीसाठी हिचा कंद वापरीत, यावरून दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो. एकूण पाहता परकी कर्दळ देवघरापर्यंत गेली आणि घरची कळलावी कुंपणाबाहेर राहिली. यामागे निव्वळ अंधश्रद्धा आहे असे म्हणून मी मोकळा होणार नाही. त्याला एक सबळ कारण आहे, ते पुढे येईल.

प्रथम कर्दळीकडे वळू. जमिनीखाली आल्यासारखे आडवे, पेरापेराचे खोड. त्यातून एकामागून एक वर येणारे चार-पाच फूट उंचीचे दांडे. आणि त्यांच्या शेंड्यावर लाल, पिवळी किंवा ठिपक्यांची फुले. या फुलाची रचना मोठी फसवी आहे. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या खऱ्या पाकळ्या नव्हेत. ते पाकळीचे रूप घेतलेले वंध्य पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या खाली अरुंद आणि निस्तेज अशा दडलेल्या असतात. सहीसलामत उरलेला पुंकेसर एकच, आणि त्याचाही अर्धा भाग पाकळीसारखा झालेला असतो. त्यामुळे कर्दळीचे फूल कोठूनही कापले तरी दोन सारखे भाग होत नाहीत. शाळेत फूल उघडून दाखवायचे असेल तर जास्वंदीनंतर कर्दळ घ्यावी. मुलांना निरीक्षण म्हणजे काय ते कळेल.

तिचे बी काळे, वाटोळे आणि इतके कठीण असते की त्याच्या माळा करतात. अर्जेंटिनात एका जुन्या थडग्यात अक्रोडाच्या कवचात कोंडलेले कर्दळीचे बी सापडले. ते सुमारे सहाशे वर्षांचे असल्याचे ठरले, आणि तरीही ते रुजले. या जिवट स्वभावामुळे बी पेरायचे असेल तर त्याची पाठ कानशीने किंवा खडबडीत दगडावर थोडी घासून, रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवावे लागते. पण मोठ्या फुलांच्या रंगीत कर्दळी संकरातून झालेल्या आहेत. या संकराला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये जोर आला. त्यांच्या बियांतून आईसारखे झाड येईलच असे नाही. म्हणून कंदाचा डोळ्यासकट तुकडा घेऊन लावणे हाच सोपा मार्ग आहे. दीड-दीड फुटावर, तीन बोटे खोल, भरपूर शेणखत घालून जूनमध्ये लावला, तर गणपतीच्या सुमारास फूल दिसू लागते. फुलून झालेला दांडा बुडाशी कापावा, म्हणजे नव्या दांड्याला जागा होते. दोन-तीन वर्षांनी गड्डा फार दाटला की उकरून वाटून टाकावा. कर्दळीचे कंद कधी विकत आणावे लागू नयेत. ते शेजाऱ्याकडून मागून आणावेत आणि पुढच्या शेजाऱ्याला द्यावेत.

कर्दळीचा खरा गुण तिच्या मुळांत आहे. ती पाण्यात पाय ठेवून उभी राहू शकते. आपल्या आजी-पणजींनी मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि कर्दळ लावली, ती केवळ शोभेसाठी नव्हे. आंघोळीचे, भांड्यांचे, धुण्याचे पाणी दाराशी तुंबू नये आणि त्याचा काही उपयोग व्हावा, हा त्यातला हेतू. अलीकडच्या काळात अभियंत्यांनी सांडपाणी शुद्ध करण्यासाठी वाळू-खडीचे वाफे करून त्यांत मुद्दाम कर्दळ लावण्यास सुरुवात केली आहे. पाण्यातले नत्र आणि स्फुरद ती शोषून घेते आणि तिच्या मुळांभोवती वाढणारे सूक्ष्म जीव घाण कुजवतात. म्हणजे परसातल्या जुन्या चालीला शास्त्राने मान्यताच दिली. मात्र एक पथ्य पाळावे. पाणी जमिनीत जिरले पाहिजे. डबके साचले तर कर्दळ फुलेल, पण डासही होतील. शोषखड्डा करून त्याच्या कडेने कर्दळ लावणे उत्तम.

तेव्हा ‘वैशाखात काय करतेस?’ या प्रश्नाला कर्दळीचे उत्तर असे: ‘तुम्ही जे पाणी फेकून देता तेवढे मला द्या, मी बारा महिने जागी राहीन.’ आणि तेवढेही मिळाले नाही तर ती पाने टाकून कंदात जाऊन बसते आणि पाऊस आला की पुन्हा उठते. तिची झोप ही सक्तीची विश्रांती आहे, स्वभाव नव्हे.

तिच्यात दोष नाहीत असे नाही. पाने गुंडाळून आत बसणारी अळी तिला लागते. ती गुंडाळी हाताने चिरडणे हाच बरा उपाय. पानांवर पिवळ्या रेघा उठून झाड खुरटले तर तो विषाणूचा रोग समजावा, आणि असा गड्डा कोणालाही न देता उपटून जाळून टाकावा. शिवाय जागा मिळाली की ती पसरते. लहान वाफ्यात तिच्या शेजारी नाजूक झाड लावणे म्हणजे पंगतीत पैलवानाशेजारी लहान मूल बसवण्यासारखे आहे.

आता कळलावी. मृगाचा पाऊस पडून जमीन चांगली भिजली की एके दिवशी मोकळ्या मातीतून एक टोकदार हिरवा कोंब वर आलेला दिसतो. तो इतक्या वेगाने वाढतो की आज वितीएवढा असलेला दोन-तीन आठवड्यांत कमरेला लागतो. आधारासाठी तिला हात नसतात. पानाचे टोकच लांबून, वळून त्याचा तणावा होतो आणि तो शेजारच्या काटकीला वेटोळे घालतो. दोडक्याच्या किंवा काकडीच्या वेलाला तणावा वेगळा फुटतो, येथे पानच ते काम करते. ही तिची खूण ध्यानात ठेवली तर फूल नसतानाही कळलावी ओळखता येते.

श्रावणाच्या मागेपुढे फुले येतात. कळी खाली मान घालून असते. उमलताना सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात, कडा लाटांसारख्या होतात आणि सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात. फूल पहिल्या दिवशी हिरवट पिवळे, मग पिवळे-नारिंगी, शेवटी पूर्ण तांबडे होते. एकाच वेलीवर तिन्ही अवस्था एकदम दिसतात, म्हणून लांबून ती पेटल्यासारखी वाटते. फुलातली कुक्षीवृंताची नळी बुडाशी काटकोनात वळून बाजूला झालेली असते. आपलाच पराग आपल्यावर पडू नये यासाठी ती वाट सोडून उभी राहते. याचा परिणाम असा की फुलपाखरांनी किंवा पाखरांनी पराग आणून दिला नाही तर बी कमी धरते. तमिळनाडूत बियांसाठी हिची शेती करतात, तेथे मजूर सकाळी वेलीवेलीशी जाऊन हाताने परागण करतात.

हिची लागवड कर्दळीच्या अगदी विरुद्ध स्वभावाची आहे. कर्दळीला काळी, खतावलेली, ओली जमीन चालते. कळलावीला पाण्याचा निचरा होणारी मुरमाड, पालापाचोळ्याची जमीन लागते. काळ्या चिकण मातीत पाणी धरले की कंद कुजतो. कंद आडवा ठेवून तीन-चार बोटे माती घालावी आणि जवळ काट्याकुट्यांची झाप किंवा मांडव उभा करावा. कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. बटाट्याचे तसे नाही. त्याचा एक डोळा गेला तर दुसरा फुटतो. येथे टोक मोडले की तो फाटा वाया गेला. शिवाय दरवर्षी जुना कंद आटून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. म्हणजे पावसाळ्यात वेलीने जे कमावले तेच नव्या कंदाच्या रूपाने जमिनीत उरते. वेल हिरवी असतानाच कापली तर पुढच्या वर्षाची शिदोरी कापली, असे समजावे. ती आपण होऊन पिवळी पडून वाळेपर्यंत वाट पाहिली पाहिजे.

‘वैशाखात काय करतेस?’ या प्रश्नाला कळलावीचे उत्तर असे: ‘काहीच नाही, आणि तुम्हीही काही करू नका.’ कार्तिक-मार्गशीर्षात ती वाळते. त्यानंतर मृगापर्यंत तिला थेंबभर पाणी लागत नाही. एवढेच नव्हे, दिले तर ते तिला बाधते. झोपलेला कंद ओलीत कुजतो. कर्दळीची विश्रांती पाण्याअभावी आलेली असते, कळलावीची तिच्या रक्तातच आहे. पाणी देऊन तिला जागे ठेवता येत नाही, जसे चाळीतल्या कांद्याला वेळेआधी हुकूम देऊन उठवता येत नाही.

या झोपेपायीच नवशिक्या माळ्याच्या हातून कळलावी दगावते. फाल्गुनात वाफा रिकामा दिसतो. झाड मेले असे समजून तो तेथे कुदळ घालतो, दुसरे काही लावतो, रोज पाणी देतो; आणि जूनमध्ये कळलावी उगवली नाही म्हणून तिला नाव ठेवतो. रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते, हे बहुवर्षायू झाडे बाळगणाऱ्याने पहिल्यांदा शिकावयाचे असते. वाळलेल्या वेलीच्या जागी एक काठी रोवावी किंवा भोवती चार दगड मांडावेत.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग पाण्याशिवाय जगणारी कळलावीच प्रत्येक घरी लावावी. तेथेच थांबावयास हवे. कळलावीचे सर्व अंग विषारी आहे. कंद आणि बी विशेष. आयुर्वेदाने तिची गणना धोत्रा, कण्हेर, गुंज यांच्याबरोबर उपविषांत केली आहे. तिच्यातल्या विषाचे नाव कोल्चिसीन. पेल्तिए आणि काव्हांतू या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० साली ते कळलावीच्या एका युरोपीय नातलगातून वेगळे केले; क्विनीनही त्याच दोघांनी त्याच वर्षी वेगळे केले. पेशींचे विभाजन थांबवणे हा या द्रव्याचा धर्म. त्याचा उपयोग करून १९३० नंतरच्या दशकात वनस्पतींतील रंगसूत्रे दुप्पट करण्याची रीत निघाली. बिनबियांचे कलिंगड त्या रीतीतूनच आले. वातरक्तावर, म्हणजे ज्याला डॉक्टर गाऊट म्हणतात त्या दुखण्यावर, ते अत्यंत मोजक्या मात्रेत आजही देतात, आणि म्हणूनच कळलावीच्या बियांना औषधांच्या बाजारात भाव आहे.

पण जे द्रव्य मोजून औषध आहे तेच न मोजता मृत्यू आहे. रताळे किंवा रानातला एखादा खाण्याचा कंद समजून कळलावी खाल्ल्याने माणसे दगावल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. काही तासांत घशात आग, उलट्या, जुलाब सुरू होतात. मग शरीरातले एकेक इंद्रिय बंद पडू लागते. जो वाचतो त्याचेही केस एक-दोन आठवड्यांनी गळतात. याला घरगुती उतारा नाही. तूप, ताक, झाडपाला यांत वेळ न घालवता रोग्याला आणि खाल्लेल्या कंदाच्या तुकड्याला बरोबर घेऊन इस्पितळ गाठावे. सुरुवातीला बरे वाटले तरी गाठावे, कारण हे विष सावकाश काम करते. गरोदर स्त्रीने तर या झाडापासून लांबच राहावे. बाळंतपणासाठी हिचा वापर करण्याचे दिवस गेले, आणि ते गेले हेच बरे झाले.

आता ‘कळलावी घरात आणू नये’ या समजाकडे पुन्हा पाहा. तिची शेंग तडकली की आत लालभडक बी दिसते. लहान मुलाने ते तोंडात घालावे असेच त्याचे रूप आहे. ज्या काळी रसायनशास्त्र नव्हते त्या काळी आईने मुलाला ‘हे विष आहे’ म्हणून सांगितले असते तर मुलाने कदाचित चाखून पाहिले असते. ‘हिने घरात भांडण लागते’ असे म्हटल्यामुळे झाड कुंपणाबाहेर राहिले आणि मुले वाचली. समज चुकीचा, पण त्याने राखलेले अंतर बरोबर होते. आपण समज टाकावा, अंतर मात्र ठेवावे.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. सप्तशृंग गडाच्या किंवा मार्कंड्याच्या बाजूला पावसात फिरायला जाणाऱ्याला एखादी फुललेली वेल दिसली की कंद उकरून घरी नेण्याचा मोह होतो. असा उकरलेला कंद भर वाढीत हलवल्यामुळे सहसा जगत नाही, म्हणजे डोंगरही गेला आणि अंगणही रिकामे राहिले. कळलावी हवी असेल तर रोपवाटिकेत लागवडीचे कंद मागावेत, किंवा कोणाच्या बागेतल्या वेलीचे बी घ्यावे. बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षे लागतात, हे खरे. पण डोंगरावरची वेल तेथेच ठेवण्यासाठी तेवढी वाट पाहणे फार नाही.

मग दोघींपैकी कोणती निवडावी? माझे उत्तर घर पाहून आहे. ज्या घरात रांगते किंवा शाळेच्या आतले मूल आहे, जेथे शेळ्या-वासरे परसात मोकळी फिरतात, तेथे कळलावी लावू नये. तेथे कर्दळच बरी. जेथे सांडपाणी दाराशी वाहते तेथेही कर्दळच. तिच्याइतके उपकारक फुलझाड त्या जागी दुसरे नाही. शाळेच्या आवारात कर्दळ लावावी आणि मोठ्या वर्गातल्या मुलांना कळलावी डोंगरावर नेऊन दाखवावी, तोडू देऊ नये, आणि तिच्या विषाची माहिती द्यावी. पण ज्यांची मुले मोठी झाली आहेत, ज्यांच्या घराला मुरमाड जमिनीचा एखादा कोपरा आणि कुंपण आहे, आणि उन्हाळ्यात झाडांना पाणी घालणे ज्यांना जड जाते, अशांनी त्या कोपऱ्यात कळलावी अवश्य लावावी. तिच्याजवळ पाटी लावावी, कंद हाताळताना हातमोजे घालावेत, शेंगा तडकण्यापूर्वी काढून घ्याव्यात.

सोय असेल त्याने दोन्ही लावाव्यात, पण एका वाफ्यात नव्हे. मोरीकडे कर्दळ, कुंपणाकडे कळलावी. मग वर्षभराचा क्रम असा लागेल: आषाढात दोघी बरोबरच वाढतील, श्रावण-भाद्रपदात दोघी फुलतील, दिवाळीनंतर कळलावी निरोप घेईल आणि कर्दळ घरच्या पाण्यावर मागे राहील. वैशाखात एकीकडे मोरीच्या तोंडाशी लाल तुरा दिसेल, दुसरीकडे कोरड्या मातीत फक्त चार दगडांची खूण असेल. पाहुणा तुरा पाहील आणि दगडांवरून ओलांडून जाईल. घरच्या माणसाला मात्र ठाऊक असेल की त्या दगडांमध्येही एक झाड आहे, आणि मृगाला अजून काही दिवस आहेत.